पोन्सोच्या कवळ्या

१

जेवणं उरकून सेटवरची माणसं जरा कुठं लवंडली होती, तेवढ्यात पोन्सो झोपेतून ओरडत उठला. "दात पडले! माझे सगळे दात पडले!"

स्वप्न होतं. पण त्यानं सवयीनं खिडकीतल्या ग्लासात बोटं घातली, तर ग्लासात नुसतं पाणी. बाकाखाली चाचपलं, तर बाकीच्या कवळ्या ठेवलेला बिस्किटाचा डबाही गायब. स्वप्नातले दात गेले ते गेलेच, खरेही गेले.

मग जी धावपळ उडाली ती काय सांगावी. दात पडल्याचं स्वप्न म्हणजे घरातलं माणूस जाणार, हे मारिकिना शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. उपाय एकच. उठल्याउठल्या लाकूड चावायचं, लाकूड नसेल तर उशी. त्यात स्वप्न पडावं आणि जागं झाल्यावर तोंडाचं खरंच बोळकं असावं, असला अपशकुन कुणाच्या ऐकिवात नव्हता. आपल्याही घरावर शिंतोडा नको म्हणून जो तो चावत सुटला. लाइटवाल्यांनी शिडी चावली. मालिकेत माळ्याचं काम करणाऱ्या बादोंगनं बाकाची पाठ अशी कडकडून चावली की तिचं व्हार्निश निघालं. नायिका क्रिझेलनं उशीत तोंड खुपसलं. मालिकेत मालकीण होणाऱ्या मेदिंगनं, सगळ्यांच्या लोलानं म्हणजे आजीनं, आपल्या खुर्चीचा हात चावला. या वयात तिचे सगळे दात तिचे स्वतःचे होते, आणि ते त्या गडबडीतही चार जणांना दिसतील अशा बेतानं तिनं चावलं.

चावू शकला नाही तो एकटा पोन्सो. ज्याचं स्वप्न त्यानंच चावायचं किंवा त्याच्या रक्ताच्या माणसानं. आणि त्याच्यापाशी चावायला काही उरलं नव्हतं.

त्याची लेक पर्लिता, सेटवरची मेकअपवाली, पावडरचा पफ हातात घेऊन धावत आली. "ताताय, बसा आधी. पाणी प्या," म्हणत तिनं बापाच्या कपाळावरचा घाम टिपला.

एवढ्यात दारात दिरेक उभा राहिला. मालिकेचा हा दिग्दर्शक, पण जसं पोन्सोला कुया, म्हणजे दादा, तसं सगळे त्याला दिरेकच म्हणत, त्याच्या आईनं ठेवलेलं नाव कुणाला माहीत नव्हतं. त्यानं ड्रायव्हरच्या गणवेशातल्या पोन्सोकडं पाहिलं आणि तोंड कडू केलं.

"काल या ड्रायव्हरला दात होते. आज नाहीत. बघणाऱ्यांनी काय समजायचं, उंदरांनी नेले? हे घर आपल्याकडं आजच्यापुरतं आहे. ऊन त्या चिंचेवरून उतरायच्या आत कुया पोन्सोच्या तोंडात दात दिसले तर ठीक. नाहीतर नायिकेचा खरा बाप बादोंग. लेखकाला मी फोन केलाय."

बादोंगच्या तोंडातून अजून व्हार्निशचे कपचे पडत होते. तरी तो हसला.

२

पोन्सोला टीव्हीवर नावानं कुणी ओळखत नसे, आणि चेहऱ्यानं न ओळखणारं घर साऱ्या मुलखात नव्हतं. न्यायाधीश तो, दारुडा तो, पाद्री तो, तुरुंगातला मारकुटा शिपाई तो, पार्लरमधला नखरेल न्हावीही तोच. ऐन तरुणपणी हिरड्या सडून सगळे दात गेले. दुसरा असता तर रडत घरी बसला असता. यानं एकेका कामासाठी वेगळी कवळी करून घेतली. दारुड्याची पुढचा दात नसलेली, सावकाराची सोनेरी दाताची, पाद्र्याची उंदरासारखी बारीक. कवळी बदलली की जबडा बदले, जबड्याबरोबर आवाज, आणि आवाजाबरोबर अख्खा माणूस. सगळ्या कवळ्या फडक्यांत गुंडाळून तो त्या बिस्किटाच्या निळ्या डब्यात ठेवी आणि डबा पोराला जपावा तसा जपे.

बरं, ही माणसं तरी तो आणायचा कुठून? चोरायचा. दारुडा म्हणजे त्याचा मेव्हणा. न्यायाधीशाचं खोकणं घरमालकाचं. एकदा त्यानं कुंटणखान्याच्या मालकिणीचं काम केलं, आणि मेदिंगला घरी जेवताजेवता टीव्हीवर स्वतःचीच चाल दिसली, स्वतःचंच नाक मुरडणं, पंखा मिटायची स्वतःचीच तऱ्हा. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली. उभ्या हयातीत तिनं मालिकांतल्या सुनांना मारलेल्या थपडांत एवढी कुठलीच वाजली नव्हती. पोन्सो गाल चोळत म्हणाला, "परत मार ना, मेदिंग. मनगट कसं वळवतेस ते नीट दिसलं नाही."

असा माणूस. आणि त्याला या मालिकेत काय, तर मालकिणीच्या गाडीचं दार उघडायचं आणि "हो, मालकीणबाई" म्हणायचं. आज सकाळी संवादांची ताजी पानं आली आणि कळलं की लेखकांनी ड्रायव्हरलाच नायिकेचा खरा बाप ठरवलाय. लेकीचे पाय धरून मरता मरता माफी मागायची, पानभर बोलायचं. उभ्या जन्मात पहिल्यांदा कॅमेरा त्याच्या तोंडावर थांबणार होता. हल्ली त्याला प्रेतांची कामं येऊ लागली होती, म्हणजे हा प्रसंग हुकला तर पुढं काय वाढून ठेवलंय ते दिसतच होतं.

मेदिंगनं कमरेला हात लावून सगळ्यांवरून नजर फिरवली. पोन्सोवर तिचा जीव होता असं मुळीच नाही. पण त्याची गेलेली बायको सोलेदाद तिची मैत्रीण, आणि पर्लिताला बाप्तिस्म्याला तिनंच कडेवर घेतलेलं, म्हणून ती पर्लिताची निनांग, धर्माची आई. शिवाय त्या प्रसंगात मालकीण म्हणून समोर उभं तिलाच राहायचं होतं, आणि बादोंगच्या तोंडाला कायम सुक्या मासळीचा वास येई.

"कुणी जागचं हलू नका," ती म्हणाली. "कवळ्यांना पाय फुटत नाहीत."

पण बादोंग तोवर हललाच होता. ती घरामागं गेली, तर पाण्याच्या टाकीआडून त्याचा आवाज येत होता. "लेकी, तुझ्या गाडीचं दार उघडताना रोज वाटायचं..."

पोन्सोचं भाषण. शब्दन् शब्द पाठ.

३

"सकाळी पानं आली, दुपारी तुला भाषण पाठ?" मेदिंगनं त्याचा कान धरला. "आणि मधल्या वेळात त्याचे दात गायब. मला काय कुक्कुलं बाळ समजलास?"

"लोला, सोडा, दुखतंय! मला सगळ्यांचंच पाठ असतं."

"सगळ्यांचं म्हणजे?"

बादोंग खाली बघत म्हणाला, "तुमचंही आहे. मागं तुम्हाला चक्कर आली होती ना, तेव्हापासून तुमचंही करतोय. न जाणो, एखादवेळेस पडलं कुणी आजारी, आणि दिरेक म्हणाला, बादोंग, तू उभा राहा..." त्यानं तिथंच मान तिरकी करून तिचे दोन संवाद म्हटले. चांगले म्हटले, मेल्यानं.

"माझ्या मरणावर टपलास होय रे?"

"सगळ्यांच्याच. असं एकट्यादुकट्याच्या नाही, लोला. पण चोरी केली नाही. देवाशप्पथ! आणि दात मी कशाला चोरू? कुया पोन्सोला ताप यावा म्हणून नवस बोललो होतो, तो बोललो. पण ताप आणि चोरी वेगळी."

मेदिंगला ते पटलं. भिकारड्या मनाचा माणूस, पण खरं बोलत होता. त्यात तिनं एक गोष्ट मनाशी धरली. बादोंगला डाव साधायचा असता तर ड्रायव्हरची तेवढी कवळी उचलून भागलं असतं. रोज दिसणारे दात तेच, ते नसले की दिरेक अडून बसणार. मग चोरानं डबाच्या डबा का न्यावा? पाद्र्याचे, दारुड्याचे, सगळेच? ज्याला पक्कं माहीत होतं की पोन्सोच्या हाती एक जरी कवळी लागली तरी तो त्यातून माणूस उभा करील, त्याचंच हे काम.

क्रिझेल पंख्यासमोर पाय पसरून बसली होती. तिच्या उशीवर लिपस्टिकचे दात उमटले होते.

"सकाळी तू काय म्हणालीस? या म्हाताऱ्याची वाचा बसली तर मेणबत्ती लावीन?"

"म्हणाले. मग? माझं रडं कोण बघणार तो समोर असताना? मागं एकदा तो मागं उभा राहून नुसता छत्री मिटत होता, तरी लोकांनी त्यालाच पाहिलं." तिनं नाक उडवलं. "पण लोला, म्हाताऱ्याच्या लाळेतली कवळी मी बोटांनी उचलीन? या नखांनी? शी! मला आत्ताच मळमळतंय."

हेही खरं होतं. ओल्या कवळीला हात कोण लावील? ग्लासातलं पाणी सांडलं नव्हतं, खिडकीत एक थेंब नव्हता. कुणीतरी सरावानं, न किळसता, नेहमी काढतात तशी ती काढून घेतली होती.

मेदिंग हा विचार करत होती, तेवढ्यात जेवण पुरवणारी नेनिता दुपारचं खाणं घेऊन आली. पाकातली कुरकुरीत तळलेली केळी, सगळ्यांना. पोन्सोपुढं मात्र तिनं वाडगा ठेवला. कोंबडी घातलेली भाताची मऊ पेज.

"वर तळलेला लसूण घातलेला नाही हं, कुया," नेनिता म्हणाली. "हिरड्यांना टोचेल."

सगळ्यांना नेनिताचं कौतुक वाटलं. मेदिंगच्या हातातलं केळं तोंडाशी जाता जाता थांबलं. कोंबडीची पेज काय चुटकीसरशी शिजते?

४

"कधी चढवलीस पेज?" तिनं नेनिताला दाराआड गाठलं.

"दुपारच्या ताटल्या परत आल्या ना, तेव्हाच. ताटल्या घेऊन येणाऱ्या बाईनं निरोप आणला, कुया पोन्सोला आज मऊ काहीतरी दे, लसूण नको."

"तेव्हा तो झोपला होता. दात ग्लासात होते."

नेनिताचं तोंड उघडंच राहिलं. "अगं बाई! मला कुठं माहीत? निरोप मेकअपच्या खोलीतून आला एवढं खरं."

मेकअपच्या खोलीत त्या वेळी तिघं होती. बादोंग तोंडाला रंग लावून घेत होता, क्रिझेल केस कुरळे करून घेत होती, आणि पर्लिता दोघांचं करत होती.

मेदिंग पायरीवर बसली. चिंचेचं वरचं निम्मं झाड अजून उन्हात होतं. ती जिथं बसली होती तिथून तो बाक दिसत होता, बादोंगच्या दातांनी सोललेला. पलीकडं ती उशी. दोघं घाबरली होती, मनापासून. ज्यानं स्वतःच्या हातानं कवळ्या उचलल्या, त्याला अपशकुनाची भीती कशाला वाटेल? त्याला पक्कं माहीत की हे देवाचं करणं नाही, दात सुखरूप आहेत. तरी नट असता तर त्यानं सोंग म्हणून तरी चावलं असतं.

न चावणारं एकच माणूस होतं, आणि ते नट नव्हतं. बापाचं स्वप्न, बाप बोळका, रक्ताचं दुसरं कुणी नाही. इतर वेळी ही पोरगी अंत्ययात्रेच्या प्रसंगाचं शूटिंग केलं तरी सरळ घरी जात नसे, मेल्या माणसाची पीडा मागोमाग येऊ नये म्हणून आधी कुठंतरी चहा पिऊन जाई. तिनं सगळ्यांच्या आधी लाकडाला दात लावायला हवे होते. तिनं काय केलं, तर पावडर लावली.

आणि बाप उपाशी राहू नये म्हणून चोरीच्या आधीच पेज सांगून ठेवली. मूर्ख पोरगी.

मेदिंग मेकअपच्या खोलीत गेली आणि तिनं दाराची कडी लावली.

"डबा केसांच्या टोपांच्या खोक्यात आहे की तुझ्या पिशवीत?"

पर्लिता ब्रश धूत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "टोपांच्या खोक्यात, निनांग. पांढऱ्या टोपाखाली."

५

"का गं?" मेदिंगनं डबा मांडीवर घेतला. "तुझ्या बापाला उभ्या जन्मात एवढं एकच काही मिळालं, आणि तू ते..."

"सकाळी आरशासमोर तालीम करत होता. मी त्याच्या मानेला रंग लावत होते." पर्लिताचा आवाज सपाट होता. "निनांग, तो नानायचं करतोय."

नानाय म्हणजे आई, सोलेदाद.

"इस्पितळात शेवटी ती हवेत हात मारायची ना, काहीतरी पकडायला? तसाच मारला. मान उशीवरून घसरायची तशीच घसरली. मग आरशात बघून त्यानं ते परत केलं, जरा हळू. म्हणाला, पहिलं बरं होतं का गं? मला विचारलं, मला!" तिनं ब्रश आपटला. "तो तिच्या पायथ्याशी दिवस दिवस बसायचा. नर्सबाया म्हणायच्या, काय पुण्यवान बाई, असा नवरा. मलाही वाटायचं, रडतोय बिचारा. तो रडत नव्हता. तो बघून ठेवत होता."

"तू त्याला सांगायचंस, नको करू म्हणून."

"सांगितलं. म्हणाला, तुझी आई अशीही गेलीच आहे." तिनं डोळे पुसले. "निनांग, डबा देऊ नका. बादोंग करू दे. वाईट करील, आणि लोक विसरून जातील. ताताय करील तर चौकाचौकात पोरं तिची नक्कल करतील."

मेदिंगला सोलेदाद आठवली. लग्नात मेदिंगच्या सँडलच्या उंच टाचा मोडल्या म्हणून तिच्यासाठी स्वतःही अनवाणी नाचलेली. मेदिंगनं डबा काखेला मारला. मग उठली. चोराला शिक्षा काय द्यायची ते चोरी ज्याची झाली त्यानं ठरवावं, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला तो प्रसंग हवा होता. नटीच ती.

पोन्सो पेजेचा वाडगा चाटून बसला होता. तिनं डबा त्याच्यापुढं आदळला. "तुझ्या लेकीनं घेतला होता. का ते तुला माहीत आहे. लाज असली तर ते काम दुसऱ्या कुणाची नक्कल करून कर."

पोन्सोनं झाकण उघडलं नाही. तो खिडकीच्या काचेत स्वतःचं तोंड बघत होता. गाल आत गेलेले, ओठ हिरड्यांवर दुमडलेले. त्यानं मान जरा उशीवरून घसरल्यासारखी केली.

"मेदिंग," तो हळूच म्हणाला, "सकाळपासून कुठंतरी खोटं पडत होतं. हात बरोबर, मान बरोबर, तरी काहीतरी चुकत होतं. आत्ता कळलं. इस्पितळात त्यांनी तिची कवळी काढून ठेवली होती."

मेदिंग एक पाऊल मागं सरली.

"मला दात नकोत. म्हणजे एक हवी, ड्रायव्हरची. मालकीणबाईंनी रागानं थोबाडीत मारायची, कवळी उडून पडेल, आणि पुढचं सगळं मी असाच बोलेन. काल दात होते आणि आज नाहीत, दिरेकची कटकटच मिटली. मारशील ना?"

"मारीन," मेदिंग म्हणाली. "तू सांगायची गरज नव्हती."

दिरेकला कल्पना इतकी आवडली की चोर कोण हे त्यानं विचारलंही नाही. कॅमेरा लागला. मेदिंगनं हात उचलला आणि सोलेदादच्या वाटचं, पर्लिताच्या वाटचं आणि स्वतःच्या वाटचं सगळं त्या एका थपडेत घातलं. कवळी फरशीवर घरंगळत क्रिझेलच्या पायाशी गेली. ती खरंच किंचाळली. पोन्सो पडला, आणि पडला तो पोन्सो नव्हता. फरशीवर सोलेदाद पडली होती, हवेत हात मारत. लाइटवाले रडले. बादोंग रडला, ओठ हलवत, प्रत्येक शब्द बरोबरीनं म्हणत.

"कट!" दिरेकनं नाक शिंकरलं. "कुया, हे काय केलंत तुम्ही! पण शेवट पडतोय. लेखकाचं वाक्य मिळमिळीत आहे. जाता जाता एक काहीतरी पाहिजे, काळजात घुसणारं. ऊन आहे तोवर परत घेऊ."

"पर्लिता, घाम!" कुणीतरी ओरडलं.

पर्लिता पफ घेऊन बापाजवळ गुडघ्यांवर बसली. पोन्सो वर बघत होता. विचारायला त्याला संकोच वाटला नाही, आजूबाजूला सगळे उभे होते तरी.

"अगं, ती गेली तेव्हा मी शूटिंगला होतो. तू एकटीच होतीस. शेवटी काय म्हणाली ती?"

पर्लिताचा हात थांबला. मेदिंगला वाटलं, आता ही पोरगी पफ त्याच्या तोंडात कोंबणार. पण ती त्याच्या कपाळावर पावडर लावत राहिली.

"म्हणाली, तुझ्या बापाला आत येऊ देऊ नकोस. बघत बसेल."

बादोंगनं मान खाली घातली. पोन्सोचे डोळे मिटले, आणि मेदिंगला क्षणभर वाटलं, लागलं याला, एकदाचं लागलं. त्याचे ओठ हलत होते. मग ती खाली वाकली आणि तिला ऐकू आलं. तो ते वाक्य म्हणून बघत होता. आधी "आत" वर जोर देऊन, मग "बघत" वर.

"चांगलं आहे," तो डोळे उघडून दिरेकला म्हणाला. "घेऊ या. मला बघू नकोस, लेकी, असं वळवतो."

दिरेकनं हात वर केला. मेदिंग आपल्या खुणेवर जाऊन उभी राहिली, तळहात अजून चुरचुरत होता.

"पर्लिता, बाजूला हो गं," कॅमेरावाला म्हणाला. "तुझी सावली पडतेय त्याच्यावर."

ती बाजूला झाली.